हवा जाते कुठून?

वस्तू दिसायला अगदीच दरिद्री आहे. पांढऱ्या पीव्हीसी पाइपाचा दीड फुटी तुकडा, वरच्या टोकाला क्लॅरिनेटचा जुना माउथपीस, अंगावर तांब्याच्या सहा गोल टिकल्या, मागे अंगठ्यासाठी आणखी तीन आणि बुडातून निघालेली यूएसबीची वायर. सोसायटीच्या प्लंबरने ती माझ्या टेबलावर पाहिली तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, "साहेब, हे बेसिनखालचं निघालं का?"

तर हे बेसिनखालचं नसून वाद्य आहे. फुंकून वाजवायचं, पण आत नाद करणारं काहीही नसलेलं. ना पत्ती, ना हवेचा स्तंभ. फुंकर किती जोराची आहे एवढं एक सेन्सर मोजतो, बोटं कुठे आहेत ते तांब्याच्या टिकल्या सांगतात, आणि ही माहिती वायरीतून फोनकडे किंवा लॅपटॉपकडे जाते. आवाज तिथे तयार होतो. थोडक्यात, हा पाइप म्हणजे वाद्याचं फक्त शरीर. त्याचा गळा दुसरीकडे आहे. नागपूरच्या मनीषनगरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, कपडे वाळत घालायच्या गॅलरीत, दोन उन्हाळे आणि एक पावसाळा घालवून मी तो तयार केला. घरात त्याला 'पुंगी' म्हणतात. गाजराची पुंगी निदान मोडून खाता तरी येते, हेही घरातच ऐकवलं जातं.

ही कल्पना माझी नाही, आणि नवी तर मुळीच नाही. अमेरिकेत बिल बर्नार्डी आणि रॉजर नोबल या दोघांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला 'लिरिकॉन' नावाचं असं वाद्य केलं. मायकेल जॅक्सनच्या 'बिली जीन'मध्ये टॉम स्कॉटने वाजवलेला लिरिकॉन आहे. आपण तो शेकडो वेळा ऐकलेला असतो, फक्त ओळखत नाही. त्याच दशकात नाइल स्टायनर नावाच्या ट्रम्पेटवादकाने स्वतःसाठी फुंकीचं इलेक्ट्रॉनिक वाद्य जुळवलं. त्याची आखणी पुढे जपानच्या अकाईने घेतली आणि १९८७ साली 'ईवी' या नावाने बाजारात आणली. त्याच वर्षी यामाहाचं 'डब्ल्यूएक्स ७' आलं. कारखान्यांनी हात घालण्याआधी हे प्रकरण हौशी माणसाच्या टेबलावरचंच होतं, आणि आता ते पुन्हा टेबलावर आलं आहे. स्वीडनच्या योहान बर्गलुंडने 'न्यूईव्हीआय'ची आखणी सगळ्यांसाठी खुली ठेवली. अमेरिकेतल्या अँड्र्यू मोव्हरीचं 'वॉर्बल' बोटांच्या हालचाली अवरक्त किरणांनी टिपतं. बर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्ल्यांत फिरून, मिळालं ते तिथून आणि राहिलं ते कुरिअरने मागवून माणूस घरी बसून असं वाद्य करू शकतो.

पण या लेखात सांगायचं ते वेगळंच. आवाज करणं सोपं असतं. मला छळलं ते दोन क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींनी: फुंकलेली हवा आणि अर्धं भोक.

*

पहिली गोष्ट मला एका क्लॅरिनेटवाल्या काकांनी दाखवली. महाल भागातल्या एका बँडमध्ये त्यांची उभी हयात गेली. लग्नाच्या वरातीत पुढे चालणारा, लाल कोटातला, गाल फुगवलेला माणूस आपण पाहतो ना, ते हे. आता वरातीत गाडीवरच्या धुमाल पार्टीचा कीबोर्ड वाजतो, त्यातच क्लॅरिनेटचाही आवाज असतो आणि सनईचाही. काका सकाळी दोन तास एका ओळखीच्या दुकानात बसतात, लोकांच्या पेट्यांचे भाते बदलून देतात. मी तिथे एका पेटीच्या कामाला गेलो होतो, आणि पिशवीत पाइप होता. तेव्हा त्याला माउथपीस नव्हता. सलाइनची नळी पुढे काढून ठेवली होती.

काकांनी नळी तोंडात धरली, फुंकलं, आणि लगेच बाहेर काढली. फोनमधून आवाज आला होता, चांगला स्वच्छ आला होता. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. पाइप उलटा करून ते बूड बघत होते.

"भाऊ, याच्यातली हवा जाते कुठून?"

"कुठेच जात नाही काका. सेन्सर फक्त दाब मोजतो."

"मंग मानूस कुठून जाईल?"

त्या दिवशी मला हे वाक्य नुसतं गमतीचं वाटलं. घरी येऊन दहा मिनिटं सलग वाजवलं तेव्हा कळलं. बंद नळीत फुंकणं म्हणजे फुगा फुगवण्यासारखं असतं. फक्त हा फुगा फुगत नाही. छातीतली हवा संपत नाही, उलट साचते. ऑक्सिजन वापरला गेलेला असतो आणि जुनी हवा आत अडकून पडलेली असते. म्हणजे श्वास घेण्याआधी तो सोडावा लागतो. तान संपली की ओठ उघडून 'फुस्स' करायचं आणि मगच श्वास घ्यायचा. ईवी वाजवणारे पट्टीचे लोक ओठांच्या कोपऱ्यातून हवा गळू देतात, त्याची सवय करून घेतात. मला ती सवय करून घ्यायची नव्हती, कारण बासरीत हवा आपसूक जाते आणि माझं शरीर तेच शिकलेलं आहे.

मग नळीला फाटा काढला. फिश टँकच्या दुकानात हवेच्या नळ्यांसाठी प्लास्टिकचे 'टी' मिळतात, त्यातला एक बसवला. एक फाटा सेन्सरकडे, बंद. दुसरा पाइपाच्या बुडाशी, उघडा. पण उघडा म्हणजे किती? भोक मोठं ठेवलं तर दाबच तयार होत नाही, लहान ठेवलं तर पुन्हा तोच फुगा. इथे मला बांधकामाची मदत झाली. मनीषनगर-बेसा पट्ट्यात राहणाऱ्याच्या नशिबी बांधकाम असतंच. आमच्या समोरच्या प्लॉटवर गवंडी लेव्हल पाइप घेऊन भिंतीची पातळी बघत होते. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन्ही टोकांना पातळी सारखी. मी त्यांच्याकडून सहा फूट नळी मागून आणली, गॅलरीच्या जाळीला यू आकारात बांधली, शेजारी मोजपट्टी लावली आणि एका टोकात फुंकलं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात दहा सेंटिमीटर फरक पडला की दाब साधारण एक किलोपास्कल. माझा सेन्सर सहा किलोपास्कलपर्यंत मोजतो, म्हणजे एकसष्ट सेंटिमीटर पाण्यापर्यंत. सहज फुंकर पाच-सात सेंटिमीटर, जोर काढला की पन्नासच्या वर. क्लॅरिनेटवाला साधारण तीस ते पन्नासमध्ये राहतो. बासरीवाला त्याच्या बराच खाली.

गॅलरीत उभा राहून मी पाण्यात फुंकतोय आणि हातातल्या वहीत आकडे लिहितोय, हे समोरच्या गवंड्यांनी दुपारचा डबा खाता खाता पाहिलं. त्यांनी नळी परत मागितली नाही.

भोकाचे मी चार नमुने केले. छापील सर्किट बोर्डांना भोकं पाडायच्या बारीक ड्रिलबिट मिळतात, ०.८ मिलिमीटरपासून सुरू केलं. ०.८ने डोळे बाहेर आले. १.५ने इतकी हवा गेली की लांब स्वर अर्ध्यातच तुटला. १.२ला माझं फुंकणं आणि सेन्सरचं वाचन दोन्ही शुद्धीवर आली. एका ड्रिलबिटने वाद्याचा स्वभाव ठरतो, हे मला कुठल्याही सर्किटच्या आकृतीवरून कळलं नसतं.

याच फाट्याने आणखी एक दुखणं बरं झालं. श्वासात वाफ असते. डिसेंबरात नागपूरची रात्र दहा-बारा अंशांवर उतरली की थंड नळीत तिचं पाणी होतं, आणि ते सेन्सरकडे सरकलं की फुंकर न मारताही पाइप हळू आवाजात गुणगुणत राहतो. सेन्सरचा फाटा वरच्या बाजूने काढला आणि वाहती हवा खालून गेली, की पाणी खाली ओघळतं आणि सेन्सर कोरडा राहतो. बँडवाले दोन गाण्यांच्या मध्ये वाद्य झटकून थुंकी काढतात ती उगाच नाही.

*

दुसरी गोष्ट अर्ध्या भोकाची. बासरी न वाजवणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. सहा भोकं, वरची तीन बंद म्हणजे सा. दोन बंद म्हणजे रे, एक बंद म्हणजे ग. सगळी उघडी म्हणजे तीव्र मध्यम. खाली गेलं की चार बंद म्हणजे मंद्र नी, पाच म्हणजे ध, सहा म्हणजे प. मग शुद्ध मध्यम? तो पहिलं भोक अर्धं झाकून. कोमल रिषभ, कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद, सगळे असेच, कुठलं ना कुठलं भोक अर्धं ठेवून.

तांब्याच्या टिकलीला बोट लागलं की 'हो', नाही लागलं की 'नाही', असा सरळ हिशेब मी आधी लिहिला. यमन सुंदर वाजला, कारण यमनला सगळी पूर्ण भोकं चालतात. भूप वाजला. मी खूश. मग सहज मालकंस काढायला गेलो आणि लक्षात आलं की माझ्या वाद्यात मालकंसच नाही. षड्ज सोडला तर ग, म, ध, नी चारही अर्ध्या भोकांचे. साधा शुद्ध मध्यम नसलेलं सुषिर वाद्य मी केलं होतं. लहान पोरालाही येणारा 'सारेगम' त्याला येत नव्हता.

सरळ उपाय असा की आणखी चार बटणं द्यायची. कारखान्यांनी तेच केलं आहे, आणि पाश्चात्य सप्तकाला ते चालतंही. पण आपल्याकडे ग आणि म यांच्या मध्ये नुसती उडी नसते, वाट असते. ही वाट म्हणजे मींड, आणि ती बोटाच्या घसरण्यात असते. बटणाला घसरणं माहीत नाही.

हे भांडण जुनं आहे आणि त्यात मराठी माणसं पुढे होती. पेटीवर सगळ्यांत मोठा आक्षेप हाच. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली ती तीस वर्षांहून अधिक टिकली. त्याच्याही आधी, १९१०च्या सुमारास, सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचा हिशेब मांडत होते. त्यांच्या आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. कलेक्टरी सोडून पेटीच्या पट्ट्या मोजत बसलेला माणूस मला फार जवळचा वाटतो. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम केली. बासरीतही असे फेरबदल झाले आहेत. पन्नालाल घोषांनी ती लांब आणि खर्जाची केली, पुण्याच्या पं. केशव गिंडे यांनी तिचा पल्ला वाढवून 'केशव वेणू' घडवली. सोलापूरच्या जाधवांनी सनईला छोटी, टोकदार 'सुंदरी' दिली. बंगळुरूचे जी. राज नारायण हे इंजिनिअर आणि बासरीवादक. इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी आणि तंबोऱ्याचा धंदा त्यांनी १९७९ साली उभारला. वाद्यात हात घालायला आपल्याकडे कोणाची परवानगी लागली नाही, एवढाच या यादीचा अर्थ.

माझी सुटका टिकलीच्याच आत होती. स्पर्श ओळखणारी जी चिप मी वापरली ती फक्त 'हो-नाही' सांगत नाही. टिकलीवर बोटाचा किती भाग आहे, त्याप्रमाणे तिच्याकडून शून्य ते हजाराच्या आसपास आकडा येतो. मी इतके दिवस तो आकडा फेकून देत होतो. टिकल्या मोठ्या केल्या, बारा मिलिमीटर व्यासाच्या. तांब्याची चिकटपट्टी चांभाराच्या पंचने कापली की कडा स्वच्छ निघते. मग प्रत्येक टिकलीसाठी बोट पूर्ण ठेवून एक आकडा घेतला, उचलून दुसरा, आणि मधल्या आकड्याप्रमाणे स्वर सरकवायला सांगितलं. मिडीमध्ये, म्हणजे १९८३ पासून चालत आलेल्या वाद्यांच्या भाषेत, फुंकरीला १२८ पायऱ्या मिळतात आणि स्वर सरकवायला १६,३८४. स्वरासाठी पायऱ्या भरपूर आहेत, कान त्या मोजू शकत नाही. फुंकरीच्या १२८ मात्र हळू आवाजात ऐकू येतात. स्वर विझताना जिन्यावरून उतरल्यासारखा विझतो. त्याला थोडं गुळगुळीत करावं लागलं.

पहिल्यांदा ग वरून म कडे बोट घसरलं आणि स्वर बोटाबरोबर आला, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी हेडफोन लावून बसलो होतो, त्यामुळे घरच्यांना फक्त एक माणूस पाइपाच्या तुकड्यात फुंकताना आणि मग स्वतःशीच "आला, आला" म्हणताना दिसला.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. एप्रिल आला, कूलर लागले. नागपूरचा उन्हाळा कूलरशिवाय काढता येत नाही आणि माझा पाइप कूलरबरोबर. मोटर सुरू झाली की टिकल्यांना न लागलेलं बोट लागायचं आणि पाइप आपणहून रिषभ धरायचा. फालतू चार्जर लावला की फोनची स्क्रीन पिसाटते, तोच हा रोग. जिथे अर्थिंग नाही तिथे लॅपटॉप चार्जरवर असेल तर वाजवणाऱ्याचं अंगच अँटेना होतं. उपाय दोन: बॅटरीवर वाजवायचं, आणि अंगठा टेकतो तिथे एक पट्टी सर्किटच्या ग्राउंडला जोडायची. अकाईच्या ईवीतही अंगठ्याखाली अशी पट्टी आहे. मला तिचा उपयोग कूलरने शिकवला.

*

आवाजाबद्दल मी मुद्दाम कमी लिहितो आहे. बासरीचे ध्वनिमुद्रित नमुने लावले की पहिल्या मिनिटाला लोक थक्क होतात आणि तिसऱ्या मिनिटाला कंटाळतात; प्रत्येक स्वराची सुरुवात एकाच फुंकरीची असते, आणि ती फुंकर माझी नसते. यामाहाने १९९४ साली 'व्हीएल १'मध्ये नळीतल्या हवेचं गणितच करून आवाज काढला, ती वाट जास्त खरी. मी दोन साध्या लहरी आणि एक गाळणी वापरतो. फुंकर वाढली की गाळणी उघडते. बासरीसारखं वाजत नाही. मला ते चालतं.

वाजवणं म्हटलं की लोकांपुढे वाजवणं आलं. मागल्या कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध होतं, तंबोला होता, आणि "आपले काका काहीतरी वाजवणार आहेत" असं सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकून ठेवलं होतं. मी क्लॅरिनेटवाल्या काकांना बोलावलं. ते मेट्रोने उज्ज्वलनगरला उतरून चालत आले आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुना माउथपीस घेऊन आले. "नळी चोखून राह्यल्यासारखं वाटते भाऊ. हे लावून पाहा." टेप गुंडाळून तो तिथेच बसवला.

स्पीकर कोणाच्या तरी मुलाचा होता, दिव्यांचा, ब्लूटूथवाला. मी फुंकलं आणि स्वर आला, पण फुंकून झाल्यावर. दहा मिलिसेकंदांचा उशीर कानाला चालतो. आवाजाला साडेतीन मीटर चालायला तेवढा वेळ लागतोच. ब्लूटूथचा उशीर त्याच्या दहा-वीस पट. पहिला आलाप मी स्वतःच्या मागून चालत घेतला. लोक सभ्य होते. मग एका मुलीने गिटारची केबल आणली, तेव्हा जरा जमलं.

यमनाची दोन मिनिटं बरी गेली. अजनीकडून एक मालगाडी आली आणि तिने हॉर्न दिला. तो माझ्या पंचमाच्या इतका जवळ होता की मी तिच्यासाठी थांबलो आणि गच्चीवर पहिली खरी दाद मिळाली. त्यानंतर दव. ऑक्टोबरची रात्र, गार पाइप, टिकल्यांवर पाण्याचा बारीक थर. एकेक टिकली स्वतःहून 'दाबली' जायला लागली आणि वाद्य मंद्र पंचमावर जाऊन बसलं. पंच्याने पुसलं, चालू झालं; पुन्हा बसलं, पुन्हा पुसलं. मालकंसाचं स्वप्न मी गच्चीवर दुधाबरोबर पिऊन टाकलं.

तेवढ्यात मागून फर्माईश आली. कुठली, ते नागपुरात सांगायची गरज नाही. "नागीन वाजवा!"

१९५४च्या 'नागिन'मधली ती बीन बीन नव्हती. हेमंतकुमारांचं संगीत, आणि बिनेचा आवाज कल्याणजींनी क्लॅव्हियोलिनवर काढला होता; सोबत रवी हार्मोनियमवर. क्लॅव्हियोलिन म्हणजे कॉन्स्टँट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ साली केलेला, एका वेळी एकच स्वर वाजवणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. देशभरातल्या वरातींत सत्तर वर्षं जमिनीवर लोळून माणसं नाचली, ती एका यंत्राच्या बिनेवर. त्यात फुंकर कुणीच घातली नव्हती. आणि ज्यांनी ती धून आयुष्यभर फुंकरीने वाजवली त्यांच्यातला एक माणूस गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत दूध पीत बसला होता.

मी पाइप काकांकडे दिला. त्यांनी बोटं क्लॅरिनेटसारखी ठेवली, ती चुकीची लागली, पुन्हा ठेवली. मी कानाशी जाऊन सा कुठे ते सांगितलं. ते दोन स्वर शोधत राहिले, गच्चीवर कुजबुज झाली. मग त्यांना घसरण सापडली. टिकलीवरून बोट अर्धं सरकवून त्यांनी स्वर असा लववला की समोरच्या पोरांनी हातांचे फणे केले. नागीन सगळी आलीच नाही. पहिलीच ओळ तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी जरा वेगळी. काकांचे गाल फुगले होते. सेन्सरला लावलेला लाल दिवा सतत पेटलेला, म्हणजे फुंकर एकसष्ट सेंटिमीटरच्या वर. सवयच तशी, रस्त्यावर ढोलताशाच्या वरून ऐकू जायची.

थांबल्यावर त्यांनी आधी पाइप झटकला. मग बुडाशी तळहात धरून हलकंच फुंकलं. भोकातून येणारी हवा हाताला लागते का ते बघत होते.

"जाऊन राह्यली आता," ते म्हणाले. "पन अजून सोडा थोडी. कोंडते."

"किती काका?"

त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात काही न दिसण्याएवढी फट दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी १.३चा ड्रिलबिट शोधायला बर्डीवर गेलो. १.२ होता, १.५ होता. दुकानदार म्हणाला, मधला परवा येईल.